अकरा वर्षांचं मूल, सात वर्षांचं मराठी

परीक्षा आटोपल्या की पुस्तकांच्या दुकानांत, प्रदर्शनांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो: सुट्टीत मुलांना काय वाचायला द्यावं? उत्तराचा साचाही ठरलेला आहे. तीन ते सहा, सात ते दहा, अकरा ते चौदा असे वयाचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात पाच-सात नावं. मलपृष्ठावर छापलेला वयोगट या याद्यांना दुजोरा देतो, पालक निश्चिंत होतात आणि पुस्तक घरी येऊन कपाटात बसतं. ते तिथेच का बसतं, याचं खापर मोबाइलवर फोडणं सोपं आहे. मला मात्र दोष त्या कप्प्यांचा वाटतो. मुलाचं वय जन्मतारखेवरून कळतं. त्याला मराठी किती सहज वाचता येतं, हे त्यावरून कळत नाही, आणि आजच्या महाराष्ट्रात या दोन गोष्टी क्वचितच जुळतात. इंग्रजी माध्यमात सहावीत शिकणारी मुलगी घरात अस्खलित मराठी बोलते, पाहिलेल्या सिनेमाचं कथानक बारकाव्यांसह सांगते. पण ओळीत दोन-तीन जोडाक्षरं लागोपाठ आली की थबकते आणि तेवढ्यात गोष्टीचा धागा सुटतो. खेड्यात कारण वेगळं, परिणाम तोच. पाचवीत पोचलेल्या कितीतरी मुलांना दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. अमेरिकेतल्या मराठी शाळांत रविवारी येणाऱ्या मुलांची गोष्टही याहून फार निराळी नाही. म्हणजे समज अकरा वर्षांची आणि वाचन सात वर्षांचं, अशा मुलांची संख्या मोठी आहे. मराठी बालसाहित्याची आजची अवस्था तपासायची तर या मुलाला आपण काय देऊ शकतो, हीच कसोटी लावली पाहिजे.

लहानांच्या बाबतीत चित्र समाधानकारक आहे, हे आधी मान्य करावं. चित्र आणि मजकूर एकमेकांना पुढे नेतात, अशी पुस्तकं मराठीत एके काळी अपवादानेच निघत. माधुरी पुरंदरे यांनी ही उणीव एकहाती म्हणावी इतकी भरून काढली. त्यांच्या यश नावाच्या मुलाच्या गोष्टींत उपदेश नाही, चमत्कार नाही. घरातलं एक साधं मूल, त्याचे हट्ट, त्याची भीती आणि त्याच्याशी खरं बोलणारी मोठी माणसं, एवढंच आहे. आणि वाक्यं अशी की तोंडाने वाचताना कुठे खडा लागत नाही. चित्रंही लेखिकेचीच असल्यामुळे शब्दांनी सांगितलेलं चित्र पुन्हा सांगत बसत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने अशा पुस्तकांच्या छपाईत हात आखडता घेतला नाही, हेही नोंदवायला हवं. चेन्नईच्या तूलिकाची आणि प्रथम बुक्सची पुस्तकं अनेक भाषांत एकदम निघतात, त्यांत मराठीही असतं. प्रथमच्या 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टी वयानुसार न लावता वाचनाच्या चार पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत. ही व्यवस्था मला मलपृष्ठावरच्या वयोगटापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. तिथल्या मराठी अनुवादांचा दर्जा मात्र कमालीचा खालीवर आहे, तेव्हा आधी स्वतः वाचून मगच मुलाला द्यावं. आणि विंदा करंदीकर! 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'परी ग परी' ही पुस्तकं तर कुठल्याच कप्प्यात मावत नाहीत. चार वर्षांच्या मुलाला ती ऐकायला द्यावीत, दहा वर्षांच्या अडखळत्या वाचकाला वाचायला. यमक पुढचा शब्द आधीच सुचवतं, ओळी आखूड असतात, आणि विक्षिप्तपणा असा की 'हे बाळांचं आहे' म्हणून मोठं मूल ते पुस्तक बाजूला टाकत नाही. वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

खरी अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. नऊ ते तेरा या वयासाठी यादी करताना बहुतेक पालक स्वतःच्या लहानपणात शिरतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजींची 'श्यामची आई' ही नावं तीन पिढ्या टिकली, म्हणून ती कालातीत आहेत असं मानलं जातं. पण ही तिन्ही पुस्तकं आजच्या वाचकापर्यंत सारखी पोचत नाहीत. 1935 साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' ही आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री सांगितलेल्या आठवणींची कथा आहे. बेचाळीस रात्री चालणारी. तिच्यातली कोकणातली घरं, व्रतं, सोवळंओवळं, कर्जाची नामुष्की हे सगळं आज उलगडून सांगावं लागतं. ती मोठ्या माणसाने वाचून दाखवावी, मधेमधे थांबावं. एकट्या मुलाच्या हाती सुट्टीचं पुस्तक म्हणून ती देणं म्हणजे पुस्तकावर आणि मुलावर, दोघांवर अन्याय. गोट्याच्या घरातली भाषा गोड आहे, पण ते घरच आता राहिलेलं नाही. फास्टर फेणेची गोष्ट निराळी. फुरसुंगीचा हा सडपातळ, सायकलवाला पोरगा आजही धावतो, कारण भागवतांचं गद्यच धावतं. वाक्यं तुटक, संवाद चुरचुरीत, वर्णनात रेंगाळणं नाही, आणि संकट ऐन रंगात आलं की तो प्रसिद्ध 'ट्टॉक्'. जूल व्हर्न मराठीत आणताना कमावलेला वेग इथे कामी आला आहे. अडखळत वाचणाऱ्यालाही पान उलटायला लावणारं हे मराठीतलं बहुधा सर्वांत यशस्वी गद्य. त्याची मर्यादाही सांगायला हवी: या साहसांची सूत्रं जवळजवळ सगळीकडे मुलग्यांच्या हाती आहेत, आणि अकरा वर्षांच्या मुलीला हे कळायला वेळ लागत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक घोटाळा होतो. मुलाबद्दलचं पुस्तक मुलासाठीच असणार, असं धरून चाललं जातं. प्रकाश नारायण संतांचा लंपन याचं ठळक उदाहरण. 'वनवास', 'शारदा संगीत' या पुस्तकांचा नायक शाळकरी आहे, म्हणून ती शाळकरी मुलांच्या यादीत जातात. पण त्यांतली बेळगावकडची बोली, कानडीची मिसळण, वाक्यांची लांबलचक वेलांटी आणि मुख्य म्हणजे हरवत चाललेल्या बालपणाकडे मागे वळून पाहणारी नजर, हे सारं प्रौढ वाचकाचं सुख आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुरलेल्या वाचकाला ते भेटावं. बाराव्या वर्षी लंपन कंटाळवाणा वाटला, तर तो पुढे कधीच उघडला न जाण्याची भीती आहे.

मग अकरा वर्षांच्या समजेला पुरेल आणि सात वर्षांच्या मराठीला झेपेल, असं काय आहे? शोधू गेलं तर हाती लागणारी सर्वांत चोख उत्तरं अनुवादित निघतात. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं. प्रकरणं दोन-तीन पानांची, वाक्यं सरळ. आत मात्र शाळेतून काढून टाकलेली मुलगी, पोलिओ झालेला मित्र आणि त्याचा मृत्यू, आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात जळणारी शाळा. सत्यजित राय यांची फेलूदा या गुप्तहेराची मालिका अशोक जैन यांच्या अनुवादातून रोहन प्रकाशनाने दिली. तिथेही भाषा हलकी आणि डोक्याला खाद्य भरपूर. हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. फेलूदा 1965 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकातून जन्मला, 'तोत्तोचान'ही मासिकातूनच क्रमशः आलं, आणि आपले भागवतही 'बालमित्र' चालवणारे संपादक होते. दर महिन्याला वाचक टिकवायचा असेल तर प्रकरण आटोपशीर ठेवावं लागतं, भाषा मोकळी ठेवावी लागते, आणि मुलाला मूर्ख समजून चालत नाही. मराठीत 1881 साली वि. को. ओकांनी 'बालबोध' सुरू केल्यापासून ही परंपरा होती. 1906 पासून वा. गो. आपट्यांच्या 'आनंद'ने ती वाढवली. आज 'किशोर', 'वयम्', 'छात्र प्रबोधन', 'निर्मळ रानवारा' आणि धाकट्यांसाठी 'चिकूपिकू' ती चालवत आहेत. पण महिनोन्महिने चालणारी, गळाला लावणारी क्रमशः कादंबरी त्यांतून पूर्वीइतकी जन्माला येताना दिसत नाही.

यावर एक वाजवी आक्षेप घेतला जाईल. सोपं लिहा म्हणजे पातळ करा, असंच ना? संक्षिप्त आवृत्त्यांचा आपला इतिहास पाहता ही भीती खोटी नाही. पाचशे पानांची कादंबरी साठ पानांत कोंबली की पात्रं जातात, प्रसंगांची जंत्री उरते. आणि विरोधाभास असा की मजकूर दाटल्यामुळे ती वाचायलाही अवघड होते. पण कमी करणं आणि मुळातच साधं रचणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एडिंबरोच्या बॅरिंग्टन स्टोक या प्रकाशनाने 1998 पासून नेमकं हेच काम केलं: कसलेल्या लेखकांकडून छोट्या, सोप्या वाक्यांच्या, पण किशोरवयाला साजेशा विषयांच्या कादंबऱ्या लिहून घेतल्या आणि त्या दिसायला मोठ्यांच्या पुस्तकांसारख्याच ठेवल्या. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. मराठीत ठळक टाइप आणि मोकळं पान फक्त चिमुकल्यांच्या वाट्याला येतं. अकरा वर्षांच्या मुलाला असं पुस्तक मित्रांसमोर हातात धरायची लाज वाटते, आणि बारीक टाइपातलं पुस्तक त्याच्याने वाचवत नाही.

दुसरा आक्षेप उदारमतवाद्यांचा: निवडायचंच कशाला, मुलांना हवं ते वाचू द्या. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण निवडायला आधी ढीग लागतो. इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात तो असतो. मराठी घरात बहुधा वाढदिवसाला आलेली तीन पुस्तकं असतात. इथे एक सरकारी काम मनापासून वाखाणावं लागेल. बालभारतीचं 'किशोर' 1971 सालच्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एकेका अंकात कविता, कोडं, चित्रकथा, दीर्घ कथा, शास्त्रावरचा लेख. मुलाने स्वतःच्या कुवतीचं उचलावं, बाकीचं सोडावं. पुढच्या सुट्टीत त्याच अंकातलं दुसरं उचलावं. तिसरा आक्षेप इंग्रजीचा, आणि तो बोलून न दाखवताच अमलात येतो: मूल इंग्रजी भराभर वाचतं, तर तेच वाचू दे. वाचू दे खुशाल. पण मराठी घरात वाढलेल्या मुलाला आजीच्या, मामाच्या, शेजाऱ्यांच्या बोलण्यातलं जग छापलेलं सापडायचं ते याच भाषेत.

ते जग अलीकडे रुंदावतं आहे, ही या क्षेत्रातली सर्वांत चांगली बातमी. फार काळ मराठी बालसाहित्यातलं मूल पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातलं असे आणि खेडं म्हणजे मामाचा गाव असे. ल. म. कडूंच्या 'खारीच्या वाटा'त धरणाखाली जाणारं गाव आलं. वनखात्यात काम करणाऱ्या सलीम सरदार मुल्ला यांच्या 'जंगल खजिन्याचा शोध'मध्ये जंगल पाहुण्याच्या नजरेतून दिसत नाही. दोघांनाही साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण पुरस्काराचं पुस्तक जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानातसुद्धा मिळेल, याची खात्री नसते. शाळेचं ग्रंथालय सुट्टीत कुलूपबंद, म्हणजे मुलांना वेळ असतो नेमक्या त्याच दिवसांत.

तेरा-चौदानंतर काय, याचं उत्तर देताना यादी उसनवारीवर येते. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', भारत सासण्यांचं 'समशेर आणि भूतबंगला'. यांतलं शेवटचं तेवढं या वयाच्या आसपासचं, बाकीचं मोठ्यांच्या फडताळातून काढलेलं. शरीरात होणारे बदल, मैत्रीतली फसवणूक, जातीची जाणीव, दहावीचं ओझं यांवर चौदा वर्षांच्या मुलाशी बरोबरीने बोलणारी मराठी कादंबरी बोटांवर मोजावी लागते. 'बनगरवाडी' त्यातल्या त्यात या पोकळीत बसते, कारण माडगूळकरांची वाक्यं माणदेशासारखीच उघडी आहेत आणि तिचा नायक, नवखा तरुण मास्तर, वाचणाऱ्यापेक्षा फार मोठा नाही. पहिली काही पानं कुणीतरी वाचून दाखवली, बोलीचा सूर एकदा कानात बसला, की पुढचं पुस्तक मुलाच्या हाती सोडायला हरकत नाही.