हौदातली साधना

महाराष्ट्रात तालीम म्हटली की मारुती आलाच. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेला भक्तीची बैठक दिली, असं परंपरा सांगते. म्हणून कुस्ती आणि अध्यात्माचं नातं सांगणारे मूर्तीपासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतात. माझ्या मते तालमीतली साधना मूर्तीपुढे कमी आणि हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, जास्त घडते. आज या अध्यात्मावरची भाषणं वाढली आहेत, पण ज्या कामांतून ते पोराच्या अंगात मुरायचं ती कामं मागे पडत चालली आहेत.

ही कामं साधी असतात. पहाटे लंगोट कसायचा, मातीला हात लावून तो कपाळी न्यायचा आणि खोरं घेऊन अख्खा हौद उकरायचा. चाळलेल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असतो. ती रोज वरखाली केली नाही तर घट्ट बसते आणि पडणाऱ्याचं अंग सोलवटून काढते. नवा पोरगा आधी हे शिकतो. जोर, बैठका आणि थोरल्यांची सेवा करत राहतो; डाव त्याच्या हाती फार उशिरा लागतो.

मग सरावाची लढत. थोरला मल्ल धाकट्याला लढतीला घेतो तेव्हा धाकट्याला चीत करण्यात त्याला रस नसतो. तो त्याला पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, काढू देतो. पकड ढिली पडली की तेवढ्याच जागी रेटतो, सुटायला वाट देतो, आणि पुन्हा तोच पट काढायला लावतो. अंगात दुप्पट ताकद असून ती राखून ठेवायची, समोरच्याला लागेल तेवढीच द्यायची. धाकट्यालाही पडण्याची लाज सोडावी लागते, नाहीतर तो शिकतच नाही. काठावर बसलेला वस्ताद एखादाच शब्द बोलतो. इथे गुण मोजले जात नाहीत, कुणी जिंकत नाही. वर्षानुवर्षं हे केलं की अंगातला ताठा उतरतो. साधना म्हणतात ती हीच, असं मला मनापासून वाटतं.

जोसेफ आल्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञानं बनारसच्या आखाड्यांवर १९९२ साली पुस्तक लिहिलं आणि पैलवानाची तुलना संन्याशाशी केली. ब्रह्मचर्य, आहार, दिनचर्या यांच्या बाबतीत ती पटते. पण संन्यासी सगळ्यांना सोडून जातो, पैलवानाला रोज जोडीदार लागतो. त्याची साधना दुसऱ्याच्या अंगाला अंग भिडवूनच होते. म्हणूनच तालमीत जात-धर्म फार काळ तग धरत नाही. शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात हिंदू-मुसलमान मल्ल एकाच मातीत घडले, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. आजही तिथल्या कित्येक तालमींत मारुतीची पूजा होते आणि मोहरमला पंजेही बसतात. तालमीच्या अध्यात्माला एकाच रंगात रंगवू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

गादीनं, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीनं, मातीची साधना बुडवली, ही तक्रार मला मान्य नाही. खाशाबा जाधव गोळेश्वरच्या मातीत वाढले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गादीवर खेळून सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याच गादीवर त्यांनी कांस्यपदक मिळवलं. महाराष्ट्र केसरीत आज माती आणि गादी असे दोन विभाग सुखानं नांदतात. घात झाला तो घाईमुळे. जत्रेच्या हंगामात एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर पळायचं, इनामाच्या आकड्यावर जोड ठरवायची, आणि दूध-बदामाच्या खुराकाला वेळ लागतो म्हणून सुईचा रस्ता धरायचा. अशा पोराला धाकट्याला शिकवायला सवड कुठली? लंगोटाचा पक्का असणं म्हणजे नुसतं बाईपासून लांब राहणं नव्हे. शरीराला जे आपसूक येत नाही ते उसनं न घेणं हेही त्यात येतं. वस्तादांनी हे ठणकावून सांगायला हवं.

बाईचा उल्लेख आला म्हणून एक जुनी गाठ सोडवली पाहिजे. ब्रह्मचर्याच्या नावाखाली कित्येक तालमींनी बायकांना हौदाच्या काठालाही उभं केलं नाही. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. आता कुस्तीकडे येणाऱ्या मुलींना नुसता टाळ्यांचा मान नको. त्यांना खोरं हातात मिळालं पाहिजे, मारुतीपुढची जागा मिळाली पाहिजे, आणि रोज लढतीला घेणाऱ्या थोरल्या मल्ल मुली तयार झाल्या पाहिजेत. त्याला दहा-पंधरा वर्षं लागतील. ती लागू देण्याची तयारी तालमींनी दाखवावी, आणि इनामं वाटणाऱ्यांनी त्यातला काही पैसा हौद बांधायला आणि वस्तादांच्या मानधनाला द्यावा.