‘द रॉकेट’ : झोपलेल्या वाघांच्या देशातला मुलगा

आमच्या मोआदोनमध्ये महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतात. बहुधा जुना हिंदी असतो, आणि मध्यंतरातला चहा झाला की निम्मी मंडळी घरी जातात. या खेपेला कोणाच्या तरी नातवाने सुचवलेला लाओस देशातला ‘द रॉकेट’ लावला. भाषा लाओ, खाली हिब्रू अक्षरे. तरी शेवटपर्यंत कोणी उठले नाही. म्हणून चार शब्द लिहावेसे वाटले. मात्र सगळेच कौतुकाचे नाहीत.

किम मॉर्डंट या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा हा २०१३ सालचा चित्रपट. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला पहिल्या चित्रपटासाठीचे पारितोषिक मिळाले. आहलो हा दहा वर्षांचा मुलगा जुळ्यातला. दुसरे मूल जन्मतःच गेलेले. जुळ्यांत एक शुभ, एक अपशकुनी, अशी आजीची समजूत. उरलेला कोणता, हे कोण सांगणार? धरणासाठी गाव उठते, वाटेत आई मरते, आणि सारा दोष पोराच्या कपाळी येतो. ज्या नव्या घरांची स्वप्ने दाखवून लोकांना हलवले, ती तिथे नसतातच. शेवटी पाऊस पाडण्यासाठी आभाळात अग्निबाण सोडण्याचा उत्सव असतो, तिथे बक्षीस जिंकून आपला कलंक पुसायचा असे आहलो ठरवतो. हे काम करणारा सिथिफोन दिसामो स्वतः कधीकाळी रस्त्यावर राहिलेला मुलगा. तो अभिनय करतो आहे असे क्षणभरही वाटत नाही. आजी तर थेट आपल्या कोकणातली! तोंडाने जाळील, पण चूल विझू देणार नाही.

या गोष्टीच्या खाली जमिनीत दुसरी एक गोष्ट पुरलेली आहे. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर सुमारे ५ लाख ८० हजार फेऱ्या मारून २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. व्हिएतनामच्या युद्धाची ही छुपी बाजू. त्यांत एका मोठ्या नळकांड्यातून शेकड्यांनी विखुरणारे चेंडूएवढे बॉम्ब होते, सुमारे २७ कोटी. त्यांतले ८ कोटींच्या आसपास फुटलेच नाहीत. लाओ लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. युद्ध संपल्यावर २० हजारांहून अधिक माणसे त्यांनी मारली किंवा जायबंदी केली. चित्रपटात या बॉम्बना ‘झोपलेले वाघ’ म्हटले आहे.

आणि इथेच आमची तक्रार आहे. अग्निबाणाचा मसाला शोधताना आहलोची नजर या वाघांकडे वळते. आमचे आयुष्य वर्गात गेले. पोराने हात पुढे केला तेव्हा आम्ही खुर्चीत ताठ झालो. लाओसच्या शाळांतून आज मदत संस्थांची माणसे चित्रे दाखवून, गाणी म्हणवून एकच धडा गिरवून घेतात : दिसले तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. आणि इथे? ज्याने हे ऐकले नाही, त्याचीच कथेत सरशी होते. मोठ्यांना ते रूपक म्हणून शोभते. दहा वर्षांच्या मुलाला रूपक कळत नाही, त्याला युक्ती कळते.

घरी येऊन मात्र आमच्या रागाची धार थोडी बोथट झाली. याच दिग्दर्शकाने त्याआधी, २००७ साली, ‘बॉम्ब हार्वेस्ट’ हा माहितीपट केला होता. त्यात एक ऑस्ट्रेलियन तज्ज्ञ लाओ तरुणांना बॉम्ब निकामी करायला शिकवतो, आणि तिकडे गावातली मुले भंगारासाठी तेच लोखंड गोळा करत असतात. मुलांना धोका कळत नाही असे नाही. भंगारवाला पैसे देतो, धडा देत नाही. म्हणजे नुसता धडा अपुरा. आधी शेत मोकळे हवे. ते काम फार सावकाश चालते. यंत्र घेऊन पट्ट्यापट्ट्याने चालायचे, यंत्र वाजले की हाताने माती उकरायची. बहुतेक वेळा निघतो एखादा खिळा नाहीतर पत्र्याचा तुकडा. बॉम्बी निघालाच तर तो बहुधा जागच्या जागी उडवायचा. ब्रिटनची मॅग ही संस्था १९९४ पासून तिथे आहे, लाओसची स्वतःची यूएक्सओ लाओ १९९६ पासून. २०१६ मध्ये ओबामा स्वतः तिथे गेले आणि तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर जाहीर केले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली तेव्हा ही यंत्रे जागच्या जागी थांबली. दात्याचे मन बदलते. जमिनीतली वस्तू तिथेच राहते. ‘द रॉकेट’मध्ये ही माणसे कथेच्या मध्यावर कुठेच येत नाहीत. एका दृश्यापुरती तरी यायला हवी होती.

हे सगळे परक्यांचे आहे असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. गोलानवर सहलीला गेलो की तारेवरची पिवळी पाटी आपण सगळेच वाचतो : सकाना, मोक्शिम. २०१० साली तिथे बर्फात खेळायला गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचा पाय गेला. त्यानेच पुढे पाठपुरावा केला, आणि २०११ साली क्नेसेटने सुरुंग काढण्याचा कायदा केला. दुसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो, कारण आमच्या वाचकांची मुले, नातवंडे सैन्यात आहेत. २००६ च्या युद्धात दक्षिण लेबनॉनमध्ये आपल्या बाजूनेही असे विखुरणारे बॉम्ब टाकले गेले, आणि युद्धानंतर ते तिथल्या ऑलिव्हच्या बागांत, तंबाखूच्या शेतांत सापडत राहिले. विनोग्राड समितीनेही त्याची दखल घेतली. हे बॉम्ब बंद करणाऱ्या २००८ च्या करारावर आपल्या देशाची सही नाही. अमेरिकेचीही नाही, आणि भारताचीही नाही. चित्रपट संपल्यावर यावर बोलू, असे आम्ही म्हणालो, तेव्हा एक बाई म्हणाल्या, “नको, आज नको.” आम्हीही गप्प बसलो.

चित्रपट पुन्हा लावणार आहेत. नातवंडांना जरूर आणा. शेवटच्या दृश्यानंतर लगेच खुर्च्या उचलू नयेत, अशी विनंती आम्ही व्यवस्थापकांना केली आहे. पोरांशी दहा मिनिटे बोलायचे आहे, आणि मोठ्यांशीही.