त्रैक्य आणि ख्रिस्तमंडळी

ईश्वर एक, परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्या तीन व्यक्तींत तो एक आहे, हा ख्रिस्ती धर्मांतील मूळ सिद्धांत होय. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनें त्यास निश्चित रूप दिलें. सृष्टि, स्थिति, लय अशीं कार्यें वांटून घेणाऱ्या आपल्या त्रिमूर्तीशीं वाचकांनीं त्याची गल्लत करूं नये. येथें महत्त्व कार्याच्या वांटणीस नसून परस्परसंबंधास आहे. असा ईश्वर मानणाऱ्यांची मंडळी कशी असावी, हा प्रश्न क्रोएशियांत जन्मलेले प्रॉटेस्टंट पंडित मीरोस्लाव वोल्फ यांनीं ‘आफ्टर अवर लाइकनेस’ ह्या १९९८ सालच्या इंग्रजी ग्रंथांत घेतला आहे.

वोल्फ यांचे प्रतिपक्षी दोन. पहिले योसेफ रात्सिंगर, जे पुढें २००५ सालीं पोप झाले. त्यांच्या मतें अखिल ख्रिस्तमंडळी आधीं, गांवोगांवच्या मंडळ्या मागाहून. भर ईश्वराच्या एकत्वावर, आणि ऐक्याचें दृश्य चिन्ह पोप. दुसरे ऑर्थोडॉक्स पंथाचे जॉन झिझिउलास. पुत्र आणि आत्मा यांचें मूळ जसें पित्यांत, तसें स्थानिक मंडळीचें ऐक्य तिच्या बिशपांत, असें ते म्हणतात. वोल्फ यांचें उत्तर असें कीं, तिन्ही व्यक्ति समान व परस्परांत वास करणाऱ्या आहेत. म्हणून जेथें दोघे-तिघे ख्रिस्ताच्या नांवानें जमून त्याची उघड कबुली देतात, तेथें खरी मंडळी आहे, बिशप असो वा नसो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. २००० सालीं रात्सिंगर यांच्याच सहीनें रोमहून निघालेल्या ‘दोमिनुस येसुस’ ह्या घोषणापत्रानें, बिशपांची परंपरा व प्रभुभोजनाचें मूळ सत्त्व ज्यांनीं राखलें नाहीं, त्या समाजांस खऱ्या अर्थानें मंडळी म्हणतां येत नाहीं, असें ठरविलें. मग बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आदि असंख्य भाविकांनीं स्वतःस काय म्हणावें?

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडून मगच उत्तर देणें, हा ह्या ग्रंथाचा मोठा गुण आहे. तथापि एक शंका उरते. पोप मानणाऱ्यास ईश्वरांत एकत्व दिसावें, बिशप मानणाऱ्यास पितृत्व आणि सभासदांच्या विचारानें चालणाऱ्यास समता! तिघांनींही आरशांत पाहून तर चित्र काढिलें नाहीं ना? कॅरन किल्बी ह्या विदुषींनीं २००० सालीं अशा विचारसरणीवर ह्याच स्वरूपाचा आक्षेप घेतला. मनुष्यें ईश्वराप्रमाणें एकमेकांत वास करूं शकत नाहींत, ही मर्यादा वोल्फ स्वतःच सांगतात. अंतर एवढें मोठें असतां त्यावरून मंडळीची राज्यघटना कशी निघावी, हें आम्हांस पटलें नाहीं.

आमच्या मतें त्रैक्य कोणतीही घटना लिहून देत नाहीं. तें प्रत्येक घटनेची परीक्षा मात्र घेतें. जेथें अधिकारी केवळ मान घेतो, किंवा जेथें सभासद आपापल्यापुरता जगतो, तेथें बिशप असला काय नि नसला काय, परस्परांस देणाऱ्या ईश्वराचें प्रतिबिंब नाहीं. ग्रंथकारांनीं हा निकष आपल्या पंथासही तितक्याच कठोरपणें लावला असता, तर त्यांचा ग्रंथ अधिक बलवान झाला असता. तरीही तो वाचनीय आहे, ह्यांत शंका नाहीं.