फ्रॅकिंगमधील रसायने आणि शाश्वततेचा निकष : एक चिकित्सा

शेल खडकात अडकलेला नैसर्गिक वायू मोकळा करण्यासाठी विहिरीत प्रचंड दाबाने पाणी, वाळू व रसायने सोडली जातात. या प्रक्रियेतील रसायने पर्यावरणास कितपत पेलवणारी आहेत, याविषयी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका स्थिर राहिलेली नाही. कोळसाथरातील मिथेन विहिरींपुरत्या मर्यादित असलेल्या २००४ च्या अहवालाने भूजलास धोका नगण्य ठरविला. २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने डिझेलचा वापर वगळता फ्रॅकिंगला पेयजल कायद्याच्या भूगर्भ-अंतःक्षेपण नियमांतून सूट दिली. २०१५ च्या मसुद्यात व्यापक दुष्परिणामांचा पुरावा नसल्याचे विधान होते. शास्त्रीय सल्लागार मंडळाच्या आक्षेपानंतर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते गळले आणि विशिष्ट परिस्थितीत पेयजलावर परिणाम होऊ शकतो, असे नमूद झाले.

समर्थकांचा मुख्य आधार प्रमाणाचा आहे : द्रवात रसायने साधारण एक टक्क्याहून कमी असतात. हा युक्तिवाद फसवा आहे. एका विहिरीस ५० लाख लिटर पाणी लागले, तर अर्धा टक्काही सुमारे २५ हजार किलो होतो. शिवाय विषारीपणा टक्केवारीवरून ठरत नाही. २०१६ च्या अहवालात नोंदलेल्या १,६०६ रसायनांपैकी केवळ १७३ रसायनांसाठी दीर्घकालीन सेवनाची विषारकता-मूल्ये उपलब्ध होती. फ्रॅकफोकस या नोंदवहीतील ७० टक्क्यांहून अधिक नोंदींत किमान एक घटक व्यापारी गुपित म्हणून झाकलेला आढळला. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याचे मूल्यमापन कसे करावयाचे?

'हरित' घटकांचा दावाही तपासून घ्यावा लागतो. द्रव दाट करणारा गवार डिंक बहुतांशी भारतातून, विशेषतः राजस्थानातून जातो. तो वनस्पतिजन्य व सहज विघटनशील आहे. परंतु नेमक्या त्याच गुणामुळे जिवाणू त्यावर पोसतात आणि त्यांना आवरण्यासाठी ग्लुटराल्डिहाइडसारखे जलचरांना घातक जीवनाशक मिसळावे लागते. घटक सुटा पाहिला तर निर्दोष, मिश्रणात मात्र दुसऱ्या विषाचे निमित्त. घटकनिहाय गुणांकन करणाऱ्या पद्धती हा संबंध टिपू शकत नाहीत.

याहून गंभीर उणीव परतणाऱ्या पाण्यासंबंधी आहे. उपरोक्त १,६०६ पैकी १,०८४ रसायने विहिरीत सोडलेल्या द्रवांतील, तर ५९९ वर आलेल्या पाण्यात आढळलेली. दोन्ही याद्यांत समान केवळ ७७. खडकातील क्षार, धातू व किरणोत्सारी मूलद्रव्येही त्या पाण्यासोबत वर येतात. त्यामुळे केवळ आत सोडलेल्या रसायनांच्या यादीवर दिलेले शाश्वततेचे प्रमाणपत्र प्रत्यक्षात निम्म्याच प्रक्रियेचे असते.