आराखड्यातलं झाड किती वर्षांचं?

इंग्लंडमधल्या हम्फ्री रेप्टनने १७८८ मध्ये उद्यानरचनेचा व्यवसाय सुरू केला आणि जमीनमालकांची मनं जिंकायला एक नामी युक्ती काढली. लाल चामड्यात बांधलेली वही, तिच्यात मालकाच्या जमिनीची जलरंगातली चित्रं आणि चित्रावर चिकटवलेला कागदाचा पापुद्रा. पापुद्रा खाली असला की आजची जमीन दिसायची. तो उचलला की त्याच जागी तळं, झाडांचे समूह, चरणारी गुरं. आज पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत लुमियन या सॉफ्टवेअरवर तयार होणारा ‘व्ह्यू’ या वहीचाच वंशज आहे. म्हणून हाताने काढलेलं तेवढं प्रामाणिक आणि संगणकावरचं दिखाऊ, ही आपल्याकडची लाडकी मांडणी मला पटत नाही. भुरळ घालणारं चित्र आधी हातानेच काढलं. रेप्टन बहुतेक वेळा सल्ला देऊन मोकळा व्हायचा, काम मालकाने आपल्या माणसांकडून करून घ्यायचं. त्याच्याआधीचा ‘केपेबिलिटी’ ब्राउन मात्र स्वतः ठेका घेऊन टेकड्या हलवायचा. चित्र काढणारा मातीपासून सुटला तो तेव्हापासून.

मग हाताच्या आराखड्यात मोलाचं काय होतं? इंग्लिश उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिलचे लागवडीचे नकाशे पाहावेत. देखणेपणाचा सोस त्यांत नाही. लांबट, तिरपे, एकमेकांत शिरणारे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात रोपाचं नाव. तिची नजर अधू होती आणि कित्येक बागा तिने जागेवर न जाता, पत्रांवरून आखल्या. तरी त्या बागा जमल्या, कारण कुठलं फूल ओसरताना शेजारचं कुठलं उमलतं हे तिला स्वतःच्या वाफ्यांतून पाठ होतं. ब्राझीलचा उद्यानरचनाकार रॉबेर्तो बुर्ले मार्क्स याचे आराखडे याच्या अगदी उलट. गडद रंगांत रंगवलेले, भिंतीवर टांगावेत असे. पण त्या रंगांच्या मागे रिओजवळच्या त्याच्या मळ्यातला साडेतीन हजारांहून अधिक प्रकारच्या वनस्पतींचा संग्रह उभा होता. युनेस्कोने २०२१ मध्ये तो मळा जागतिक वारशात घेतला. दोघांच्या रेषेत काही साम्य नाही. साम्य आहे ते रोपाशी असलेल्या ओळखीत.

आता संगणकाकडे. आयव्हन सदरलंडने १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ हे संगणकावर चित्र काढण्याचं साधन मांडलं. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढता यायची, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या प्रती ठेवता यायच्या. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलणार. १९८२ मध्ये ऑटोकॅड हे आराखड्यांचं सॉफ्टवेअर आलं आणि ही कल्पना ड्राफ्ट्समनच्या टेबलावर पोचली. त्या टेबलावर तोवर ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं, चुकलेली रेघ हलक्या हाताने खरवडायला ब्लेड आणि अमोनिया प्रिंटचा नाकात जाणारा वास, एवढा संसार होता. झाड तिथेही गोलच होतं, सर्कल टेम्प्लेटच्या भोकातून काढलेलं, हे विसरू नये. फरक असा, की गोल हाताने काढताना दोनशेव्या झाडाशी बोटं दुखायची आणि इतकी झाडं इथे मावतील का, हा प्रश्न आपसूक पडायचा. ऑटोकॅडमध्ये ‘ब्लॉक’ची, म्हणजे त्या मूळ आकृतीची, प्रत टाकायला काही कष्ट नाहीत, त्यामुळे तो प्रश्नही पडत नाही.

संगणकाने दिलेलं कमी मानू नये. उताराच्या जमिनीवर खोदाई किती, भराव किती, हा हिशोब हाताने दिवसेंदिवस चालायचा. डिसेंबरच्या दुपारी वीस मजली इमारतीची सावली कुठवर पडेल हे आता आधीच कळतं, आणि मुंबईत पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या स्लॅबवर, हिरवळ पसरणाऱ्याने ते पाहिलंच पाहिजे. रोपांची यादी आराखड्यातूनच मोजून निघते. उद्यानविद्येचं आणि संगणकाचं नातं याहून खोल आहे. लँडस्केप आर्किटेक्ट इयन मॅकहार्गने १९६९ च्या आपल्या पुस्तकात माती, पाणी, उतार, वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून जमीन वाचायला शिकवलं. त्याच वर्षी जॅक डेंजरमंडने एसरी ही नकाशांची कंपनी काढली. तो लँडस्केप आर्किटेक्चर शिकलेला, आणि त्याच्या आईवडिलांची रोपवाटिका होती. जीआयएसच्या, म्हणजे संगणकीय नकाशाप्रणालीच्या, घडणीत बागवाल्यांचा हात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कला आज अडली आहे ती लागवडीच्या आराखड्यात. स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये एक सपाट झाड मिळतं. तुम्ही कुठूनही पाहा, ते तुमच्याकडेच तोंड करून वळतं. त्याला मागची बाजू नाही आणि वयही नाही. तयार संग्रहांतली झाडं बरीचशी युरोप-अमेरिकेची, त्यामुळे तळेगावच्या बंगल्याच्या चित्रात मेपलसारखं काहीतरी डोलतं. चित्रातली वेळ नेहमी सोनेरी संध्याकाळची. आपल्या झाडांचं वर्ष मात्र तसं नाही. पळस आणि पांगारा पानं गाळून फुलतात, बहावा भर उन्हाळ्यात पिवळा होतो, आणि जून ते सप्टेंबर बागेचं पहिलं काम पाणी वाहून नेणं हे असतं. निष्पर्ण सावरीचं वैभव दाखवणारं एकही ‘रेंडर’ मी बिल्डरच्या माहितीपत्रकात पाहिलेलं नाही. पोडियमचं चित्र तर याहून वाईट. स्लॅबवर जेमतेम मीटरभर माती आणि वर चाळीस फुटी वृक्ष. जमिनीचा छेद काढला असता तर मुळांना जागा नाही हे लगेच दिसलं असतं.

सॉफ्टवेअरला हे जमत नाही असं नाही. झाडाचा पाच आणि पंधरा वर्षांनंतरचा घेर दाखवता येतो, ऋतू बदलता येतो. पण ताबा देण्याच्या दिवशी बाग भरलेली दिसावी, हीच अट असल्यामुळे रोपं दाट लावली जातात आणि तिसऱ्या वर्षी माळी त्यातली निम्मी उपटतो. त्याने काय काढलं, काय जगवलं, हे त्या फाइलमध्ये कधीच जात नाही. पुणे महापालिकेने जीआयएसवर वृक्षगणना केली, तेव्हा रस्त्यावरच्या झाडालाही जात, जागा आणि खोडाचा घेर असलेली नोंद मिळाली. खासगी बागांच्या आराखड्यांना अशी वाढत जाणारी नोंद जोडायला तांत्रिक अडचण कुठलीच नाही. तिच्यासाठी माळ्याला दरवर्षी दोन दिवसांचे पैसे आणि रचनाकाराला पाचव्या वर्षी एक फेरी, एवढी तरतूद करारात हवी. ती मागणारा ग्राहक अजून भेटलेला नाही, आणि आपण रचनाकारांनीही ती त्याच्यापुढे ठेवलेली नाही.