रातांब्याचें लॅटिन नांव

रत्नागिरीकडील रातांब्यास वनस्पतिशास्त्रांत 'गार्सिनिया इंडिका' म्हणतात. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता ह्याच्या स्मरणार्थ तें नांव पडलें, असें कोठें कोठें लिहिलेलें आढळतें. हें विधान टिकत नाहीं. डच कंपनीच्या नोकरींतील वैद्य लोरां गार्सें ह्याच्या गौरवार्थ लिनीयसनें 'गार्सिनिया' हें प्रजातीचें नांव योजिलें, व तेंही मंगुस्तानाच्या झाडास. रातांब्याचा तेथें संबंधच नव्हता.

ऑर्ताचा खरा संबंध निराळा व आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. सन १५६३ त गोव्यास छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथांत 'ब्रिंदांव' नामक फळ येतें: बाहेरून तांबूस, आंत रक्तासारखें लाल, अतिशय आंबट, आणि साल सिरक्याच्या उपयोगाची. हें आपलें भिरंडच. ऑर्ताच्या ग्रंथांत वर्गीकरण असें नाहींच. औषधें बहुतेक आद्याक्षरांच्या क्रमानें घेतलीं आहेत. पण कानीं पडलेला शब्द त्यानें बदलला नाहीं, हा त्याचा मोठा गुण होय. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं द्यु पेती-तुआर ह्या फ्रेंच वनस्पतिज्ञानें ह्या झाडाची 'ब्रिंदोनिया' अशी स्वतंत्र प्रजाति केली. भिरंड हा कोंकणी शब्द असा लॅटिन वेष घेऊन यूरोपच्या ग्रंथांत शिरला! परंतु १८२४ त श्वाझीनें तें झाड गार्सिनियांत घातलें. जुनें नांव प्रमाण ह्या नियमानें ब्रिंदोनिया लोपलें व 'इंडिका' तेवढें उरलें.

श्वाझीचा निर्णय चुकीचा होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. लिनीयसची पद्धति पुंकेसर मोजण्याची. रातांब्याचीं नर व मादी झाडें वेगळीं असतात हें कोंकणांतील बागाइतदार जाणतो, त्यास ती पुरी पडणार नाहीं. १७८९ त जुस्यूनें अनेक अवयवांच्या साम्यावरून कुलें बांधिलीं आणि १८५९ त डार्विननें त्या साम्यास वंशसंबंधाचा अर्थ दिला. रातांबा व मंगुस्तान हे भाऊबंद ठरले ते ह्याच मार्गानें.

आमचा आक्षेप आहे तो पोथ्यांच्या संपादकांवर. वैद्यकाच्या बाडांत वृक्षाम्ल, कोकम, भिरंड हे शब्द आले कीं सर्वांपुढें एकच लॅटिन नांव लिहून ते मोकळे होतात. ह्याच प्रजातीचीं दुसरीं आंबट फळें मलबारांत व आसामांत वापरांत आहेत. मलबारची कुडंपुळी प्रसिद्धच आहे. तेव्हां पोथी कोणत्या प्रांतीं लिहिली हें पाहिल्यावांचून वृक्षाम्ल म्हणजे रातांबा असें ठरविणें धाडसाचें होय. मूळ शब्द जसाच्या तसा छापावा; लॅटिन नांव टीपेंत द्यावें, आणि तें कोणीं व कोणत्या सालीं दिलें हेंही लिहावें. ज्यांच्या संग्रहीं दक्षिण कोंकणांतील वैद्यकाचीं बाडें असतील, त्यांनीं ह्या तिन्ही शब्दांचे उतारे लेखनस्थळ व लेखनकाल ह्यांसह प्रसिद्ध करावे.