'विचार करू नको, मोकळा खेळ': या सल्ल्यामागचा पेपर किती पक्का आहे?

मॅचआधी कोच सांगतो, "डोकं लावू नको, मोकळा खेळ." पोलीस भरतीच्या मैदानावर गोळाफेकीला उभ्या राहिलेल्या पोराला मोठा भाऊही तेच सांगतो. हल्ली या सल्ल्याला "संशोधनाने सिद्ध झालंय" असं शेपूट जोडलेलं असतं, आणि बोट दाखवलं जातं ते बहुतेक वेळा गोल्फवरच्या एका पेपरकडे. रिच मास्टर्स यांचा हा पेपर १९९२ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी'मध्ये आला. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा, पण डोळे उघडे ठेवून.

आधी, गोल्फच का? आपल्या वाशिमकडे गोल्फ म्हणजे टीव्हीवर दिसणारा खेळ. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, एवढं माहीत असलं तरी पुष्कळ. पण प्रयोगासाठी हा खेळ फार सोयीचा आहे. चेंडू स्थिर असतो, अडवायला कुणी नसतं, फटका कधी मारायचा हे खेळाडूच ठरवतो. म्हणजे विचार करायला वेळच वेळ. हौशी गोल्फर सरावात सहज घालतो तो छोटा पट स्पर्धेत हुकतो, तेव्हा हात तोच असतो. मग बदलतं काय?

मास्टर्स यांचं गृहीतक असं: दबावाखाली माणूस सवयीने होणारी हालचाल पुन्हा नियम आठवून करायला लागतो, आणि तिथेच कच खातो. मग नियम माहीतच नसतील तर? त्यांनी ४० नवशिक्यांना पाच गटांत विभागलं आणि ४०० पट मारायला लावले. एका गटाला तंत्राच्या लेखी सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला पट मारतानाच तोंडाने कुठलीही अक्षरं विनाक्रम म्हणत राहायला सांगितलं, म्हणजे नियम शोधायला डोकं रिकामंच राहणार नाही. शेवटी पैशाचं आमिष आणि तज्ज्ञाची नजर असा दबाव आणला. सूचना मिळालेल्यांची प्रगती थांबली. नकळत शिकलेले मात्र सुधारत राहिले.

कल्पना सुंदर आहे. पण आता डिझाइनकडे बघा. दबावाच्या फेरीत नकळत शिकलेल्या गटाचं अक्षरं म्हणणं बंद केलं होतं. म्हणजे त्यांच्यासाठी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: दबाव आला आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. मग सुधारणा कशामुळे? डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्याची घागर उतरवली की तो भराभर चालणारच. त्याचं श्रेय चालण्याच्या शिकवणीला देता येत नाही.

ही शंका इतरांनाही आली. १९९६ मध्ये हार्डी, मुलेन आणि जोन्स यांनी दबावातही अक्षरं म्हणत राहणारा गट जोडला. तोही सुधारत राहिला, म्हणजे मास्टर्स यांना पाठिंबा मिळाला. १९९८ मध्ये ब्राइट आणि फ्रीडमन यांनी पुन्हा तपासलं, आणि त्यांच्या मते ती सुधारणा ओझं उतरल्याचीच होती. प्रश्न तोच, जर्नलही तेच, उत्तरं दोन. रिव्ह्यू लिहिताना यातला सोयीचा एकच पेपर उचलायचा मोह होतो. तो टाळायचा.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. ४०० पट मारलेला माणूस नवशिकाच असतो. दहा वर्षं क्लबवर खेळणाऱ्या हौशी खेळाडूच्या डोक्यात नियम आधीच भरलेले असतात, ते आता पुसता येत नाहीत. त्याला "विचार करू नको" म्हणणं म्हणजे नुसता उपदेश. इथे बायलॉक आणि सहकाऱ्यांचं २००२ चं काम जास्त उपयोगी आहे. त्यात तंत्राकडे लक्ष दिल्याने अनुभवी गोल्फरचं नुकसान झालं, पण नवशिक्याला तशा लक्षाची गरज असल्याचं दिसलं. म्हणजे एकच सल्ला दोघांना देता येत नाही. पुढे गुच्चार्डी आणि डिमॉक यांनी २००८ मध्ये अनुभवी गोल्फरांवर काम केलं. तंत्राचे अनेक मुद्दे मनात घोळवणारे दबावाखाली घसरले, पण संपूर्ण फटक्यासाठी एकच शब्द धरणारे घसरले नाहीत. म्हणजे डोकं रिकामं ठेवायचं नाही, त्याला एकच साधं काम द्यायचं.

आणखी एक मर्यादा. प्रयोगशाळेतलं आमिष आणि खरी स्पर्धा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत उतरला, तो पात्रता फेरीत सातवा येऊन. नेमबाजीही गोल्फसारखीच: लक्ष्य स्थिर, वेळ आपल्या हातात. तिथे तो ४५१.४ गुणांसह कांस्यपदकापर्यंत चढला. तसा दबाव थोड्या पैशांच्या आमिषाने तयार होत नाही. म्हणून असे प्रयोग खोटे ठरत नाहीत, पण त्यांच्या निष्कर्षाची हद्द ठरते.

ही हद्द पाळणं नुसती विद्वत्ता नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे असतात. ज्याने दोनच महिने गोळा हातात धरलाय, त्याला "तंत्राचा विचारच करू नको" असं संशोधनाच्या नावाने सांगितलं, तर आपण नवशिक्याला अनुभवी माणसाचं औषध देतो. गुण त्याचे जातात, पेपरचे नाही.

तेव्हा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका. मेथड उघडा आणि दोन गोष्टी पेन्सिलने लिहा: लेखक सांगतो त्याखेरीज अजून काय बदललं, आणि हा प्रयोग नेमका कुणावर झाला. मास्टर्स यांचा पेपर मला आजही आवडतो, कारण त्यातला दोष इतका स्वच्छ दिसतो की तो तपासायचा प्रयोग दुसऱ्यांना लगेच सुचला. चांगलं संशोधन असंही असतं.